साबुदाण्याचं पाणी

माझी बायको छाया गेल्यावर दहा महिन्यांनी मैथिलीने शाळेतून इतिहासाच्या प्रोजेक्टचा विषय आणला. युरोपातले लोक जहाजं घेऊन निघाले, अमेरिकेत त्यांनी वसाहती केल्या, आणि तिथे राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून नेली, असा तो विषय होता. मैथिली आठवीत होती. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी शाळेत प्रदर्शन होतं. बाकीच्या मुलांनी पिरॅमिड आणि किल्ले घेतले होते. मी म्हणालो, "काहीतरी हलकं घ्यायचं ना."

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

आमचं बोलणं तेव्हा एवढंच असायचं. छाया एका मंगळवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये वारली. त्यानंतर घरात दोन माणसं होती आणि दोघांनाही कसं बोलायचं ते माहीत नव्हतं. बोलण्याचं काम पंधरा वर्षं तिसरीच करत होती.

मी ड्राफ्ट्समन आहे. आमच्या कंपनीची कामं दुबई मरीनाला होती. २००८च्या शेवटी मंदीत दोन टॉवर विसाव्या मजल्यावर थांबले, ते थांबलेच. ड्रॉइंग ऑफिसमधले चाळीसपैकी नऊ जण उरलो. दर महिन्याला वाटायचं, या महिन्यात आपण. राहायला मात्र आम्ही अबुधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत, कारण मैथिलीची शाळा तिथे होती. मी सकाळी सहाला निघायचो आणि साडेसातला परतायचो. मैथिली अडीचला घरी यायची. म्हणजे रोज पाच तास ती एकटी.

म्हणूनच मुग्धा म्हणत होती की तिला पुण्याला पाठवा. मुग्धा म्हणजे छायाची धाकटी बहीण. मार्चमध्ये परीक्षा झाली की मैथिलीला तिच्याकडे ठेवायचं, तिथल्या शाळेत नववीला घालायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रवेशासाठी तिला माझं पक्कं उत्तर फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत हवं होतं.

"भाऊजी, वयात येणारी मुलगी आहे," ती फोनवर म्हणायची. "रिकाम्या घरात बसून काय करते ती? आणि उद्या तुमची नोकरी गेली तर? व्हिसा रद्द, तीस दिवसांत सामान आवरून निघायचं, तेही शाळेच्या वर्षाच्या मध्यावर?"

यातलं काहीच खोटं नव्हतं. मी म्हणायचो, "बघतो." मनातून मी जवळजवळ हो म्हटलं होतं. फक्त मैथिली गेल्यावर मी साडेसातला दार उघडीन तेव्हा आत कोण असेल, हा विचार आला की उत्तर पुढे ढकलायचो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मैथिली स्वयंपाकघरात आली. मी डाळ लावत होतो. तिच्या हातात कागद होता.

"बाबा, आईच्या साबुदाण्याच्या खिचडीत काय काय असायचं?"

आईचं नाव तिने बऱ्याच दिवसांनी काढलं होतं. मी खुशीत सांगितलं. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, मीठ, चिमूटभर साखर.

ती कागदावर खुणा करत गेली. मग इंग्रजीत भराभर बोलायला लागली. साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा, तो ब्राझीलकडचा. शेंगदाणे तिकडचेच. बटाटा पेरूचा, मिरची मेक्सिकोची. हे सगळं पोर्तुगीजांच्या आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून जगभर गेलं. आणि ज्या जहाजांतून माणसं नेली, त्यांतल्या कित्येकांत त्या माणसांना कसाव्याचं पीठच खायला घालत. साखर आपल्या बाजूने तिकडे गेली, आणि तिकडे उसाच्या मळ्यांवर राबवायलाच एवढी माणसं नेली.

"साखर सोडली तर फक्त जिरं आणि तूप आपलं, बाबा. आणि मीठ. मला टेबलावर आईची खिचडी ठेवायची आहे. मध्ये प्लेट, आणि प्रत्येक वस्तूपासून नकाशावर दोरा."

मला काय झालं कुणास ठाऊक. छाया संकष्टीला अंघोळ करून, ओल्या केसांनी ती खिचडी करायची. कांदा-लसणाचा चमचासुद्धा त्या कढईला लागू द्यायची नाही. त्या खिचडीशेजारी ही मुलगी साखळदंडातली माणसं मांडणार होती.

"तुझ्या आईच्या खिचडीत हे असलं काही आणायचं नाही," मी म्हणालो. आवाज चढलाच. "उपासाची वस्तू आहे ती. दुसरं काहीही ठेव."

मैथिलीने कागदाची घडी घातली. "ओके," ती म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती तेवढंही बोलली नाही.

चौथ्या दिवशी मी नमतं घेतलं. ऑफिसमधून येताना साबुदाण्याचं पाकीट आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. "करून बघू," म्हणालो. तिने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला येते?"

मला येत नव्हती. छायाने कधी लिहून ठेवली नव्हती आणि मी कधी विचारली नव्हती. पंधरा वर्षं मी फक्त ताट पुढे ओढलं होतं.

पहिल्यांदा मी साबुदाणा भरपूर पाण्यात घालून ऑफिसला गेलो. परत आलो तर खळ झाली होती. दुसऱ्यांदा पाणी कमी घातलं, तर दाणे मध्ये कच्चे राहिले आणि कढईत त्यांचा एकच गोळा झाला. मैथिलीने चमचा उभा केला, तो उभाच राहिला. तिला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं. मीही बघितलं नाही असं दाखवलं.

मग मुग्धाला फोन केला.

"पाणी अंदाजाने घालायचं हो," मुग्धा म्हणाली. "दाणा भिजेल एवढं."

"अंदाज म्हणजे किती?"

"अंदाज म्हणजे अंदाज. ताईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं."  मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, राग मानू नका. तुम्हाला साधी खिचडी जमत नाहीये. पोरीचं सगळं कसं जमणार? शुक्रवारी सांगताय ना?"

मी राग मानला नाही. मला ते पटलं, हेच वाईट होतं.

तिसऱ्यांदा मुग्धाच्या अंदाजाने केली. पुन्हा गोळा. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी मी तो गोळा पिशवीत घालून खाली कचऱ्याच्या खोलीकडे गेलो. चार दिरहॅमचं पाकीट. छाया असती तर लगेच म्हणाली असती, पन्नास रुपये गेले.

आमच्या इमारतीच्या दाराशी एबो नावाचा सिक्युरिटी गार्ड बसायचा. घानाचा होता, तिशीचा असेल. गॅसच्या कारखान्यातल्या पाइपासारखा उंच आणि सरळ. मी त्याला रोज हात करायचो, तो म्हणायचा, "गुड मॉर्निंग, सर." दोन वर्षांत आमचं संभाषण तिथून पुढे गेलं नव्हतं. त्याने पारदर्शक पिशवीत बघितलं.

"सर, ही मॅडमची खिचडी?" खिचडी हा शब्द त्याने स्वच्छ उच्चारला.

"खिचडी व्हायची होती," मी म्हणालो.

"तुम्ही ती पाण्यात बुडवून ठेवता," एबो म्हणाला. "मॅडमचंही पहिल्यांदा असंच व्हायचं."

मी पिशवी खाली ठेवली. "तुला कसं माहीत?"

तो उठून उभा राहिला. इंग्रजीत, मध्येच हिंदीचा एखादा शब्द घालून, त्याने जे सांगितलं ते असं. छाया दर संकष्टीला त्याला डबा आणून द्यायची. हे मला माहीत होतं. एकदा त्याने विचारलं, हे पांढरे मणी कसले? तर ती वर जाऊन मूठभर कोरडा साबुदाणा घेऊन आली. त्याने दोन दाणे चावले आणि सांगितलं, हा आमचा कसावा. ती म्हणाली, छे, हा साबुदाणा, उपासाचा. तो म्हणाला, असेल उपासाचा, पण आहे कसावा.

"अर्धा तास भांडलो, सर. लिफ्टमधून जाणारे लोक बघत होते."

मग त्याने तिला गारीबद्दल सांगितलं. कसावा किसून, पिळून, भाजून रवा करतात, ती गारी. त्याची आई गारीवर हाताने पाणी शिंपडायची, झाकून ठेवायची, पुन्हा शिंपडायची. गारी पाण्यात बसली की चिखल. पाणी शिंपडलं की दाणा दाणा मोकळा. मग वरून टोमॅटोचा रस्सा, कधी नुसते शेंगदाणे आणि साखर.

"मॅडमनी विचारलं, किती वेळा शिंपडायचं? मी म्हटलं, तीन वेळा. पुढच्या महिन्यात डबा आला तर दाणे मोकळे. त्या म्हणाल्या, मंगळ्या, यू वेअर राइट."

"मंगळ्या?"

"माझ्या नावाचा अर्थ, मंगळवारी जन्मलेला. आमच्याकडे वारावरून नाव ठेवतात. मॅडमनी ते त्यांच्या भाषेत केलं."

 मला आठवलं. अबुधाबीला आल्यावर पहिलं वर्षभर छायाची खिचडी चिकटच व्हायची आणि ती इथल्या पाण्याला नावं ठेवायची. नंतर कधीतरी ती सुधारली. मी एकदा म्हटलंही होतं, आज छान झालीय. ती म्हणाली होती, "मग? शिकले." कुणाकडून, हे मी विचारलं नव्हतं.

मी एबोला म्हणालो, "वर येशील का? तुझी ड्युटी संपल्यावर. माझ्या मुलीला हे सांग."

सहाला त्याचा बदली माणूस आला आणि एबो वर आला. बूट दाराबाहेर काढून, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मैथिलीने त्याला जवळजवळ रोज शाळेतून येताना बघितलं होतं. तिने आधी मलाच विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "एबोला तुझ्या आईच्या खिचडीचं पाणी माहीत आहे."

त्याने दाखवण्यापुरता मूठभर साबुदाणा दोनदा धुतला, सगळं पाणी ओतून टाकलं, भांडं तिरकं करून ठेवलं. मग बोटं बुडवून शिंपडलं. "आता झाका. पाऊण तासाने परत. मग परत. मग तसंच ठेवा, दर पाच मिनिटांनी उघडून बघायचं नाही." मैथिली लिहून घेत होती.

पहिल्या पाऊण तासात मी चहा केला. मैथिलीने त्याला प्रोजेक्टचा नकाशा दाखवला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तिने लाल ठिपके केले होते. एबोने एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे माझं गाव. केप कोस्ट."

मैथिलीचं पेन थांबलं.

"किल्ला अजून आहे," तो म्हणाला. "पांढरा, समुद्राला लागून. खाली अंधाऱ्या खोल्या आहेत. तिथे माणसं ठेवायचे, जहाज येईपर्यंत. एक दार समुद्राकडे उघडतं. शाळेत असताना मी त्या दाराबाहेर तळलेले मासे विकायचो. तिथून आता मच्छीमारांच्या होड्या दिसतात, रंगवलेल्या. मुलं बॉल खेळतात."

"इट मस्ट फील हॉरिबल," मैथिली म्हणाली.

एबोने चहाचा घोट घेतला. "आत गेलं की बोलवत नाही. बाहेर आलं की मासे विकायचे असतात."

थोड्या वेळाने मैथिलीने चाचरत विचारलं, "कसावा त्याच जहाजांतून तुमच्याकडे आला. युअर मदर... तिला माहीत आहे का हे?"

एबो हसला. "एकदा मी आजीला सांगितलं, आजी, गारी ब्राझीलची. तिने डाव घेऊन मला अंगणभर पळवलं. म्हणाली, माझ्या आईने केली, तिच्या आईने केली, आणि हा शहाणा म्हणतो ब्राझीलची." मग तो माझ्याकडे वळला. "तुमच्याकडे कोणी रागावलं नाही का, सर?"

मैथिलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. छायाचाही तसाच जायचा.

"रागावलं ना," मी म्हणालो. "डाव हाताशी नव्हता, एवढंच."

तेव्हा ती हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिचं ते मोठं हसू ऐकलं. मला स्टोव्हकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

तीन दिवसांनी मंगळवारी संकष्टी होती, म्हणजे अंगारकी. मी ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली. दुपारी मैथिली शाळेतून आल्यावर आम्ही दोघांनी खिचडी केली. तूप, जिरं, मिरची, बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा आणि कूट. दाणा दाणा वेगळा राहिला. मैथिलीने एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली. मी विचारलं, "मीठ?"

"नाही. बरोबर आहे," ती मराठीत म्हणाली. मग तिने फडताळातून तोच छोटा स्टीलचा डबा काढला आणि भरला. "मी देऊन येते खाली. आज मंगळवार आहे."

गुरुवारी मी प्रदर्शनाला गेलो. शाळेच्या हॉलमध्ये मैथिलीचं टेबल शेवटच्या रांगेत होतं. मध्ये खिचडीची प्लेट. तिच्यापासून भिंतीवरच्या नकाशाकडे रंगीत दोरे गेलेले. कसाव्याचा, शेंगदाण्याचा, बटाट्याचा, मिरचीचा. साखरेचा दोरा उलटा, आपल्याकडून तिकडे जाणारा, त्याच्या टोकाला काळा कागद आणि त्यावर किती लाख माणसं नेली तो आकडा. आकड्याखाली तिने लिहिलं होतं की यातल्या बहुतेकांची नावं जहाजाच्या वहीत कोणी लिहिली नाहीत.

येणारे पालक थांबत होते. एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे आपला उपास तिकडचाच की." मैथिली प्रत्येकाला समजावून सांगत होती, न अडखळता. मी खांबाशेजारी उभा राहून ऐकत होतो. माणसांना कसं कोंबत, कितीजण वाटेत मेले, ते सांगताना तिचा आवाज खाली यायचा, आणि मग ती प्लेटकडे हात करायची. हे खाणं त्यांच्याबरोबर गेलं आणि आलं, ती सांगायची, त्यांना हवं होतं म्हणून नाही. पण पुढे लोकांनी ते आपलं केलं. कुणी अंगणात, कुणी उपासाला.

गर्दी कमी झाल्यावर मी टेबलाजवळ गेलो. एक बारीक निळा दोरा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. तो घानाहून निघून अबुधाबीला येत होता. त्याच्या टोकाला चिठ्ठी होती, इंग्रजीत: 'पाणी. शिंपडण्याची पद्धत एबो यांच्या आईची, केप कोस्ट. त्यांनी छायाला शिकवली, अबुधाबी, २००८.'

सगळ्या टेबलावर नावं असलेली ती एकच चिठ्ठी होती.

परतताना गाडीत मी विचारलं, "मैथिली, तुला पुण्याला जायचंय का? मावशीकडे?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "यू नेव्हर आस्क्ड."

"आता विचारतोय."

सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी पुढे घेतली. मग ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हालाच मी नकोय इथे. तुम्ही आईचं काहीच बोलत नाही. मी बोलले की रागावता."

"मला वाटलं, बोललो तर तुला त्रास होईल."

"होतो," ती म्हणाली. "पण न बोलल्यावर जास्त होतो. मला इथेच राहायचंय. दहावीपर्यंत तरी."

त्याच दुपारी मी साहेबांना फोन केला आणि विचारलं, सातच्या आधी ऑफिसला येऊन साडेतीनला निघालो तर चालेल का. कामच कमी होतं. ते म्हणाले, "चालेल, पण लंच टेबलावरच." एवढं सोपं होतं ते. दहा महिने मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मुग्धाचा फोन आला. मी तिला सांगितलं की मैथिली इथेच राहील.

"आणि नोकरी गेली तर?"

"तर दोघांचा व्हिसा जाईल. दोघं एकाच विमानाने येऊ. तुझ्याकडेच उतरू."

 मला ऐकू आलं की ती रडते आहे, आणि मी फोन कानाशी धरून थांबलो. तिचीही बहीण गेली होती. मैथिलीच्या रूपाने तिला ताईचं काहीतरी घरात हवं होतं, हे मला तेव्हा समजलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवतो," मी म्हणालो. "पूर्ण दोन महिने."

"पाठवा," ती म्हणाली. नाक ओढलं. "आणि तिला खायला काय घालता ते सांगा. गोळे?"

"खिचडी जमली मंगळवारी. मोकळी. छायासारखी."

"काहीतरीच. पाणी किती घातलं?"

मैथिली शेजारीच होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "मावशी, पाण्यात ठेवायचंच नाही. शिंपडायचं. तीनदा."

"हे कोणी शिकवलं तुला? ताईने?"

"आईने. आणि आईला एबोने."

"कोण एबो?"

मैथिलीने ओट्यावर हात टेकून उडी मारली आणि तिथेच बसली. फोनवर बोलताना तिची आई नेहमी तिथेच बसायची.

"थांब, मावशी," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. आधी एक जहाज होतं."

मी बटाटे सोलायला घेतले.